श्वाससोबती

अर्जावर बारा प्रश्न होते. अकरांची उत्तरं मी खरी दिली.

दमा आहे का? नाही. तंबाखू, मिश्री? नाही. कधी फेफरं आलं होतं का? नाही. हृदयाची गोळी चालू आहे का? नाही. जकिया सिस्टर एकेक प्रश्न वाचत होत्या आणि हातातल्या टॅबवर खूण करत होत्या. बाराव्या प्रश्नाला त्यांनी मान वर केली. "आजी, झोपेत घोरता का? मध्येच श्वास अडकतो, असं कोणी म्हटलंय का कधी?"

माझ्या उजव्या हाताला माझा मुलगा मिहीर बसला होता. डाव्या हाताला आमच्या विहीणबाई, बार्शीच्या उषाताई.

"छे," मी म्हणाले.

मिहीर फरशीकडे बघत राहिला. उषाताईंनी पर्सची चेन उघडली आणि परत लावली. सिस्टरांनी खूण केली, आणि माझ्या छातीभोवती पट्टा बांधायला घेतला.

मिहीरचं बाळ त्या दिवशी सकाळी सत्ताविसाव्या आठवड्यात जन्माला आलं होतं. माझ्या सुनेचा, ऋजुताचा, रक्तदाब एकाएकी चढला, झटके आले, आणि डॉक्टरांनी घाईने बाळ बाहेर काढलं. वजन नऊशे वीस ग्रॅम. मंडईत किलोभर वांगी घेतली तर भाजीवाली वर दोन जास्त घालते. हा किलोलाही कमी भरला. ऋजुता वरच्या मजल्यावर बेशुद्ध होती. आपल्याला मुलगा झालाय हे तिला माहीतही नव्हतं.

सांगलीच्या त्या नवजात केंद्रातल्या डॉक्टर शिरीन मुजावर मिहीरपेक्षाही लहान असतील. त्यांनी आम्हाला काचेच्या पेटीजवळ नेलं. "फुप्फुसं बरी आहेत याची," त्या म्हणाल्या. "अडचण वेगळी आहे. हा श्वास घ्यायला विसरतो."

विसरतो. अडतीस वर्षांपूर्वी मी हाच शब्द ऐकला होता, मिहीरबद्दल.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. मेंदूच्या तळाशी, मानेजवळ, श्वासाचा ठेका धरणाऱ्या थोड्या पेशी असतात. पूर्ण दिवसांच्या बाळात त्या तयार असतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळात त्या कच्च्या. काही वेळ ठेका धरतात, मग सोडून देतात, आणि बाळ निळं पडू लागतं. पूर्वीची यंत्रं बाळ थांबल्यावर ओरडायची; मग कोणी तरी धावायचं. तोवर मेंदूचं थोडं नुकसान झालेलं असायचं. पुढे कोणाच्या तरी लक्षात आलं, की जन्मल्यापासून पहिले तीन दिवस या पेशी शेजारचा ठेका उचलतात. भजनात नवखा माणूस शेजारच्या टाळकऱ्याच्या हाताकडे बघत बघत टाळ धरतो ना, तसं. मग यंत्र निघालं ते श्वास जोडण्याचं. मोठ्या माणसाच्या छातीला पट्टा. बाळाच्या अंगाखाली पातळ गादी, ती त्या माणसाच्या श्वासाबरोबर किंचित फुगते आणि बसते. मोठ्याच्या एका श्वासात बाळाचे तीन, असा हिशेब यंत्र बसवून घेतं. त्या मोठ्या माणसाला कागदोपत्री श्वाससोबती म्हणतात.

"मग यंत्रच ठेका का देत नाही?" मी विचारलं.

"देऊन पाहिलं, आजी. फार सरळ असतो तो. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आपल्याला ऐकू येईनाशी होते, तसं बाळ त्याच्याकडे दोन दिवसांत लक्ष देईनासं होतं. माणसाच्या श्वासात बारीक कमी-जास्त असतं. ते लागतं त्याला."

सोबती एकच हवा, आणि बहात्तर तासांच्या आत. नंतर त्या पेशी नवा ठेका सहसा धरत नाहीत. आई बेशुद्ध. मिहीरचा श्वास मोजला, तर मिनिटाला चोवीस, आणि मध्येमध्ये उसासे. उषाताईंच्या पर्समध्ये दम्याचा पंप. राहिले मी. तीस वर्षांचा प्राणायाम आणि दर गुरुवारचं भजन. मिनिटाला अकरा.

"सत्तरीत असा संथ श्वास मी पाहिला नव्हता," डॉक्टर म्हणाल्या. उषाताईंसमोर हे ऐकताना मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि त्याच तोऱ्यात बारावा प्रश्न आला.

विहिणीसमोर, मुलीकडच्या माणसांसमोर, मी घोरते म्हणून सांगायचं? शिवाय मला वाटलं, घोरणं म्हणजे आवाज. बाळ काचेच्या पेटीत. त्याला कुठे ऐकू जाणार?

रोज सकाळी नऊला मी पेटीशेजारच्या आरामखुर्चीत बसायची, पाचला उठायची. उरलेल्या वेळात यंत्र माझाच साठवलेला श्वास चालवायचं, आणि माझ्या रोजच्या बसण्यातून तो साठा पुन्हा नवा करायचं. खोकला, शिंक, उचकी ते टाकून द्यायचं. पण जे रोज येतं, ते माझा स्वभाव समजायचं. जेवणानंतर माझा डोळा लागायचा. जकिया सिस्टर म्हणायच्या, झोपा खुशाल, झोपेतला श्वास आणखी संथ.

पहिला आठवडा तो माझ्याबरोबर चालला. मी श्वास सोडला की त्याचं पोट तीनदा खालीवर. जगात मी याहून मोठं काही केलेलं नव्हतं.

एकदाच केलं होतं. मिहीर बत्तिसाव्या आठवड्यात झाला तेव्हा आम्ही जयसिंगपूरला होतो. भारनियमनाचे दिवस. दवाखान्यात लाकडी पेटी, तिला एका बाजूला काच, आत दोन बल्ब. वीज गेली की बल्ब विझायचे, मग गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या. धोक्याची घंटा वाजवणारं यंत्र नव्हतंच. लोंढे सिस्टर म्हणून होत्या, जाड भिंगांच्या चष्म्याच्या. त्यांनी बँडेजची गॉजपट्टी मिहीरच्या घोट्याला सैल बांधली, पेटीच्या भोकातून बाहेर काढली आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "थांबला की दहा मोजायचे. मग हळूच ओढायचं," त्या म्हणाल्या. मी विचारलं, लगेच का नाही ओढायचं? तर म्हणाल्या, "लगेच ओढलंस तर तो तुझ्या भरवशावर राहील. त्याला आधी स्वतःला आठवू दे." एकोणीस दिवस मी ती पट्टी धरून बसले. मिहीरला हे मी कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं वाटलं नाही. सगळ्याच आया करायच्या.

सहाव्या दिवशी ऋजुता चाकांच्या खुर्चीतून खाली आली. चेहरा सुजलेला, हातावर सुयांचे डाग. तिने पेटीत पाहिलं, मग माझ्या छातीवरचा पट्टा पाहिला.

"मी कधी बांधायचा हा?" तिने डॉक्टरांना विचारलं.

"आता बदलता येत नाही. बाळाने आजींचा ठेका धरलाय."

त्यानंतर रोज ती समोरच्या खुर्चीत बसायची, दूध काढून बाटलीत भरायची आणि माझ्याकडे बघायची. मला शिंक आली की ती दचकायची.

"आई, जरा सावकाश उठा ना."

"अगं, सावकाशच उठतेय."

"मघाशी तुमची जांभई त्याला कळली. मी हाक मारली तर वळूनही बघितलं नाही." आणि ती हसली, पण डोळे भरलेले होते. "माझ्या पोटात सहा महिने राहून गेला आणि आता तुमच्या तालावर. सासूबाईंच्या तालावर नाचायचं माझ्या नशिबी होतं, त्याच्याही आलं."

"ऋजू," उषाताईंनी दटावलं.

"बोलू द्या हो तिला," मी म्हटलं. तिचा राग मला समजत होता. आतून कुठे तरी अभिमानही वाटत होता, तोही लिहून ठेवते.

आठव्या दिवशी दुपारी बाळ थांबलं. नऊ सेकंद. मग आपणच सुरू झालं. नवव्या दिवशी दुपारी चारदा. दहाव्या दिवशी सकाळीही. बाराव्या दिवशी बावीस सेकंद झाले, घंटा वाजली, जकिया सिस्टरांनी पेटीची खिडकी उघडून त्याच्या तळव्याला टिचकी मारली. त्याचे ओठ जांभळे झाले होते. ऋजुता उभी राहिली, तिच्या मांडीवरची दुधाची बाटली खाली पडली, आणि कोणी ती उचलली नाही.

डोक्याची सोनोग्राफी झाली. रक्तस्राव नाही. रक्त तपासलं. जंतू नाहीत. श्वासाला चालना देणारं कॅफीनचं औषध वाढवलं. थांबणं वाढतच गेलं.

तेराव्या दिवशी सकाळी डॉक्टर मुजावरांनी आम्हा चौघांना बोलावलं. "उद्या सकाळपर्यंत वाट बघते. नाही तर नळी घालून श्वासाचं मोठं यंत्र लावावं लागेल. एवढ्या लहान जिवाला ते झेपेलच असं नाही. फुप्फुसं, डोळे, दोन्हींना धोका आहे. पण थांबत राहिला तर मेंदूला त्याहून जास्त." त्यांनी पडद्यावरची रेघ दाखवली. "मला कोडं पडलंय ते या आकाराचं. विसराळू बाळ कुठेही थांबतं. हा नेमाने थांबतो. बघा, तीन श्वास चढत जातात, मोठे, त्याहून मोठे. मग काही नाही. मग बुडालेला माणूस वर यावा तसा एकदम एक."

मी त्या रेघेकडे बघत राहिले. मला ती रेघ माहीत होती. डोळ्यांनी नव्हे, ऐकून माहीत होती.

आमचे हे सकाळी चहा घेताना म्हणायचे, "तू झोपेत तीन पायऱ्या चढतेस आणि चौथीवर गायब होतेस. मी आपला मोजत बसतो. मग बुडता बुडता वर येतेस." ते आपल्या पायाने माझ्या पायाचा अंगठा ओढायचे, की मी श्वास घ्यायची. तीसेक वर्षं हे चाललं. मला वाटायचं, माझी थट्टा करतात. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यानंतर माझा अंगठा कोणी ओढला नव्हता.

हात नकळत पट्ट्याच्या बकलावर गेला. पहिला विचार आला तो असा, की गप्प राहायचं आणि दुपारचं झोपायचं सोडून द्यायचं. कोणाला कळणार नाही. ऋजुताला तर नाहीच.

"मॅडम," मी विचारलं, "तो साठवलेला श्वास पुसता येतो का?"

"कशाला, आजी?"

आता सगळे माझ्याकडे बघत होते. उषाताईही.

"मला तो बारावा प्रश्न परत विचारा," मी म्हणाले.

त्यांना कळेना. मग मीच सांगितलं. घोरते. मध्ये थांबते. तीन पायऱ्या चढून थांबते. हे म्हणायचे ते सगळं सांगितलं. डॉक्टरांनी माझ्या दुपारच्या झोपेची नोंद उघडली आणि बाळाची रेघ तिच्याखाली ओढून आणली. वर मी, खाली तो. दोन्ही रेघा एकाच जागी सपाट होत्या.

मग उषाताई खालमानेने म्हणाल्या, "मला लग्नातच कळलं होतं. कार्यालयात आपल्याला एकच खोली दिली होती ना. मी दोनदा उठून तुमच्या नाकाशी हात धरून बघितला."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"मी मुलीची आई. मुलीच्या सासूत उणं काढायचं, तेही परक्या माणसांदेखत?"

"आणि तू?" डॉक्टरांनी मिहीरला विचारलं. त्या आत्तापर्यंत त्याला अहो-जाहो करत होत्या.

"मला माहीत होतं. पण आई नाही म्हणाली. म्हटलं, बाबा गेल्यावर थांबलं असेल."

"मी तीन वर्षं कानात कापूस घालून झोपते," ऋजुता म्हणाली. "मला कोणी विचारलंच नाही."

"म्हणजे या खोलीत चार माणसांना माहीत होतं," डॉक्टर म्हणाल्या. जकिया सिस्टरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. हसत होत्या की काय, देव जाणे.

ऋजुता हसत नव्हती. "तुम्हाला लाज वाटली," ती मला म्हणाली, अगदी हळू. "लाज वाटली म्हणून तो बारा दिवस..." तिने वाक्य पुरं केलं नाही. ते आजही तसंच अर्धं माझ्या कानात आहे.

मी पट्टा काढून टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी मग काय करायचं ते सांगितलं. उशिरा केलेली जोडणी क्वचित लागते. लागलीच तर आईची लागेल, कारण सहा महिने त्याने तिचाच श्वास आतून ऐकला आहे. ऋजुताचा रक्तदाब आता ताब्यात होता. श्वास मिनिटाला सोळा, स्वच्छ. बारावा प्रश्न त्यांनी तिला विचारला, आणि उत्तर तिच्याकडून न घेता आम्हा तिघांकडून एकेकाकडून घेतलं. घोरत नाही, आम्ही तिघांनी सांगितलं, शाळेत उभं राहून सांगतात तसं.

"पण आधी जुना ठेका विझायला हवा. पाऊण तास गादी बंद राहील. त्या वेळात त्याला कोणाचाच आधार नाही. वीस सेकंदांच्या वर तीनदा थांबला, तर मी नळी घालणार. मग चर्चा नाही."

"आणि मध्ये थांबला तर?" मिहीरने विचारलं.

"सिस्टर खिडकी उघडून टिचकी मारतील. पण दर वेळी खिडकी उघडली की आतली ऊब जाते, तेही त्याला बाधतं."

"गॉजपट्टी आहे का?" मी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता माझ्या शब्दाला काय किंमत होती? तरी मी सांगितलं. लोंढे सिस्टर, भोक, घोटा, दहा आकडे. मिहीर माझ्याकडे बघत होता ते मला दिसत होतं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरांनी पेटीच्या बाजूचं नळ्यांसाठीचं भोक पाहिलं, बोटभर रुंदीची लांब पट्टी कापली, ती किती सैल बांधायची ते स्वतः ठरवलं. "खिडकी उघडण्यापेक्षा बरं," त्या म्हणाल्या. "ओढायचं कोणी?"

मी दुसरं टोक ऋजुताच्या हातात दिलं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी गादी बंद झाली. ती इतकी बारीक हलायची की बंद झाल्याचं मला दिसायलाही नको होतं. पण दिसलं.

चार मिनिटं तो श्वास घेत राहिला. मग तीन पायऱ्या चढला, आणि थांबला.

"मोज," मी म्हटलं.

"एक, दोन," ऋजुताचे ओठ हलत होते. पाचला तिची बोटं पट्टीवर घट्ट झाली.

"दहा होऊ दे."

"आई, तो निळा—"

"दहा."

दहाला तिने ओढलं. घोटा किंचित सरकला. छाती उचलली. तिच्या तोंडून आवाज आला, हुंदक्यासारखा, पण तिने तो गिळला. पट्टा बांधायचा होता, श्वास बिघडून चालणार नव्हता.

दुसऱ्या वेळी एका ओढण्याने भागलं नाही. तिने तीनदा ओढलं. बावीस सेकंद. डॉक्टरांनी एक बोट वर केलं. पुढच्या दोन वेळा दहाला ओढल्यावर निभावलं. पाचव्या वेळी एकवीस. दोन बोटं. नळी ट्रेमध्ये उघडी ठेवलेली होती. उषाताई भिंतीला टेकून उभ्या होत्या, हातात पंप, आणि तो घ्यायचं त्यांना सुचत नव्हतं. मिहीर बाहेर गेला, आत आला.

बत्तिसाव्या मिनिटाला तो पुन्हा थांबला.

या वेळी ऋजुता मोठ्याने मोजत होती. सहा. सात. तिच्या मनगटावरची शीर मला दिसत होती. आठ. तिने पट्टी ताणली, ओढायच्या बेतात आली, आणि मला वाटलं, ओढू दे, जाऊ दे नियम, कोण कुठल्या लोंढे सिस्टर, मेल्याही असतील आता. मी तोंड उघडलं.

"नऊ," ती म्हणाली.

पट्टी सैलच होती. त्याची छाती उचलली. मग पुन्हा. मोठा नव्हे, बुडून वर आल्यासारखा नव्हे. साधा, बारीक, त्याचा स्वतःचा श्वास.

पाऊण तास भरला तेव्हा डॉक्टरांनी ऋजुताला पट्टा बांधला आणि गादी सुरू केली. जोडणी लागायला दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत तो सोळा वेळा थांबला. वीसच्या वर एकदाही नाही. ते सगळं मला जकिया सिस्टरांनी सांगितलं. मी बाहेर बाकावर बसून होते. आत जायला कोणी मनाई केली नव्हती. ऋजुता माझ्याशी अकरा दिवस बोलली नाही.

बाराव्या दिवशी बाहेर येऊन म्हणाली, "आई, तुमची झोपेची तपासणी करून घ्या. डॉक्टरांनी वेळ दिलीय, उद्या चारची." एवढंच म्हणाली.

आता तो पाच महिन्यांचा आहे. साडेपाच किलो. नाव अर्णव ठेवायचं चाललं होतं. ऋजुताने ऐन वेळी अनीश केलं, म्हणजे ज्याच्यावर कोणाची सत्ता नाही असा. झोपेत तो अजून कधी कधी तीन पायऱ्या चढतो आणि थांबतो. चार सेकंद. डॉक्टर म्हणतात, वर्षाचा झाला की जाईल. ऋजुताला ते पटत नाही. मलाही.

मला नाकाला लावायचं यंत्र मिळालंय, ते मी रात्रीला लावते. दुपारच्या अर्ध्या तासाला कोण लावणार? परवा असाच डोळा लागला होता. जाग आली ती पायाचा अंगठा कोणी तरी ओढला म्हणून. ऋजुता आम्हा दोघांच्या मध्ये बसली होती, भिंतीला टेकून, एक हात बाळाच्या तळव्यावर, दुसरा माझ्या पायाशी.

"आई, दहा झाले," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे वळून पुन्हा मोजायला लागली.